पहिला मान उमरझरीचा

।। श्री ।।

कोसरधरी, तालुका बोथ, जिल्हा आदिलाबाद
७ जुलै १९५७

चि. बाबारावास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू रागावलेला असलास तरी ते घ्यावेच लागतील, कारण आशीर्वाद परत पाठवायची सोय पोस्टात नाही.

इकडे सर्व खुशाल. पऱ्हाटी लावून झाली, ज्वारी वर आली, आणि तुझे दाजी पूर्वीसारखेच दुकानात बसून गिऱ्हाइकाला कमी आणि गावाला जास्त वेळ देतात. महिपत बरा आहे. बयनाही बरी आहे. तुझी लेक माझ्या घरात सून म्हणून नांदते, तिची खुशाली विचारायला म्हणून तरी तू दोन ओळी खरडशील असं वाटलं होतं. पण तू आपल्या बापाचा मुलगा. एकदा तोंड फिरवलं की मान दुखली तरी वळवायची नाही.

गेल्या वर्षी राज्यांची वाटणी झाली तेव्हा तू कागद घेऊन गावोगाव हिंडलास, उमरझरी मराठी मुलखात गेली पाहिजे म्हणून किनवटला खेटे घातलेस. तुझं झालं. तुझं गाव मुंबई राज्यात, जिल्हा नांदेड. आमचं कोसरधरी आदिलाबादेतच राहिलं, आंध्रात. दाजींनी तुझ्यासारखी धावपळ केली नाही हे खरं आहे. त्यांचा सगळा व्यवहार आदिलाबादच्या बाजाराशी, ते काय करणार? पण तू भर ओसरीत म्हणालास, "दाजी, तुमी दुकान पाह्यलं, गाव नाई पाह्यलं." तेव्हापासून तू आला नाहीस. भाऊबीजेला मी ताट वाढून बसले होते. ते शेवटी महिपतने खाल्लं आणि वर म्हणाला की अनारसे कडक झालेत.

असो. मोठी बातमी सांगते. आपली भवरधार आता सरकारची झाली आहे. पंचवार्षिक योजनेत पैसा आलाय म्हणे, जिल्ह्यात प्रवासी यावेत, धबधबे पाहावेत, मुलूख पुढे यावा. आमचे म्हातारे अजून तामिरातच म्हणतात, ते बांधकाम खातं येऊन बसलं आहे. बोथपासून खडीची सडक झाली. धारेखाली उतरायला पायऱ्या काढल्या. पाहुण्यांचा बंगला बांधायला घेतला आणि त्यासाठी मधला गुडा उठवला.

गोंडांची ती दहा-बारा घरं होती त्यांना उटनूरच्या बाजूला जमीन देतो म्हणाले. बाया रडल्याभांडल्या नाहीत. कोंबड्या टोपलीखाली घेतल्या आणि चालू लागल्या. त्यांचा म्हातारा दुकानापुढे थांबला, दाजींना म्हणाला, "पाटील, आता हाक पुढं कोन देईल?" दाजी म्हणाले, होईल काहीतरी. म्हाताऱ्याने तंबाखू मागून घेतली आणि गेला.

त्याचं म्हणणं तुला सांगायला नको. तुमच्याकडे डोंगरात पाऊस पडतो तेव्हा इथे ऊन असतं. तुमच्या वेशीजवळचा म्हसोबाचा दगड बुडाला की उमरझरीत ढोल वाजायचा, गुड्यातले लोक तो ऐकून आपला वाजवायचे, आणि आम्ही नाल्यातून गुरं, पोरं, धुणी घेऊन वर यायचो. चूल पेटवून चार भाकरी होतात तेवढ्या वेळात पाणी पोचायचं. गुडा गेल्यावर तुमचा ढोल आमच्यापर्यंत पोचणार कसा, हीच काळजी होती. आणि मग कळलं की तू कोणाला न विचारता देवळातला मोठा नगारा डोंगराच्या टोकावर चढवलास, त्याच्यावर छप्पर घातलंस आणि वाजवायला आपल्या फकिराला तिथे बसवलंस. आमच्याशी बोलणं बंद, पण नगारा आमच्यासाठी वर चढवला. बाबा, मी दुकानात पाठ करून उभी राहिले आणि खूप रडले.

परवाच त्याचा उपयोग झाला. इथे कडक ऊन होतं. पायऱ्यांवर गवंडी, मजूर, त्यांच्या बाया, सगळे खाली. नगारा ऐकू आला तसे आपले लोक "वर या, वर या" करत धावले. सगळे वर आले आणि पाणी आलं. घमेली, फळ्या, सिमेंटची पोती सगळं घेऊन गेलं. माणूस एकही नाही. इंजिनिअर साहेब गोदावरीकडचे आहेत, तरुण, तेलुगू बोलणारे, आमच्याशी हिंदी बोलतात. ते किती तरी वेळ त्या लाल पाण्याकडे बघत होते. मग मला म्हणाले, "माताजी, ये नगाड़ा जिसने बजाया, उसको मेरा नमस्ते बोलना." तो नमस्कार या पत्रातून पाठवते.

पत्र कधी पोचेल सांगवत नाही. आता ते आदिलाबाद, नांदेड, किनवट अशी वरात काढून तुझ्याकडे येतं. चालत निघालं तर ऊन चढायच्या आत मी तुझ्या दारात असेन. पण बोलावल्याशिवाय मी येणार नाही, मीही त्याच बापाची आहे.

माझ्या भावजयीला, राहीला आशीर्वाद. 

तुझी,
मथुराआक्का


कोसरधरी
६ ऑगस्ट १९५७

चि. बाबारावास आशीर्वाद.

उत्तर नाही. चालेल. मी लिहीत राहणार. मला पत्र लिहायला तुझी परवानगी लागत नाही.

पाऊस आमच्याकडे थोडका, पण धार तुमच्या पाण्यावर भरून वाहते आहे. निंदणी चालू आहे. बयना बरी आहे. तिला हल्ली जेवण जात नाही, पण तिची काळजी करू नकोस, मी आहे.

उद्घाटन ठरलं. भाद्रपदात, ८ सप्टेंबरला, रविवारी. हैदराबादेहून मंत्री येणार, आदिलाबादचे साहेब येणार, वर्तमानपत्रवाले येणार. मी दाजींना विचारलं की एवढी माणसं धारेत उतरवायची तर चैत्रात जत्रेला का नाही? ते म्हणाले, "चैत्रात धार करंगळीएवढी. पाव्हण्यायले का ओला दगड दाखवू?" त्यांचंही बरोबर आहे. धबधबा बघायला बोलावलं तर धबधबा असायला हवा.

पण काय बांधलंय ते तू पाहिलं नाहीस. नाल्याच्या मधोमध तो मोठा खडक आहे ना, ज्याच्यावर आपण लहानपणी चैत्रात जत्रेला आलो की कपडे वाळत घालायचो? त्याच्यावर चौथरा केला आहे. सिमेंटचा, लोखंडी कठडा, काठापासून तिथपर्यंत लहानसा पूल. तिथे उभं राहिलं की धार समोर, तोंडावर तुषार येतात. साहेब लोकांना फार आवडलं. दाजी मला हाताला धरून घेऊन गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत त्यांनी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. तेव्हा मी लाजावं की नाही? पण मला लाजही आली नाही. तळपायाला खडकाचा थरथराट लागत होता, आणि मनात एवढंच की पावसाळ्यात या खडकावर आपल्याकडचं कुत्रंदेखील जात नाही. मी म्हटलं, चला वर. ते हसले.

मागच्या आठवड्यात कुठून तरी मोठं लाकूड वाहत आलं आणि त्याने कठडा वाकवला. नवीन, आणखी जाड नळ्यांचा केला. एक गवंडी त्या दिवसापासून कामावर येत नाही.

इंजिनिअर साहेब माणूस चांगला आहे, हे मी तुला पुन्हा सांगते. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी भाकरी खाल्ली आणि दाजींना नीट विचारलं, पाणी अचानक आलं तर काय? कागदावर त्यांनी बंगल्यापासून वर डोंगरापर्यंत टेलिफोनची तार आणि एक पहारेकरी धरला होता. दाजी म्हणाले, "साहब, उसकी क्या जरूरत? ऊपर से नगारा बजता है. आजपर्यंत कभी चुका नहीं." आमचा माणिकराव तलाठी म्हणाला, वरची हाक चुकल्याचं त्याच्या आज्यानेही पाहिलं नाही. साहेबांनी स्वतः ऐकलेलाच होता. तार वरच्या राज्यात न्यायची म्हणजे दोन सरकारांची परवानगी, त्यातही वर्ष जाणार. त्यांनी ते कलम काढून टाकलं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? माझ्या भावाच्या नगाऱ्यावर सरकारने विश्वास ठेवला.

दाजींच्या मनात काय आहे ते तुला सांगते, तू पुन्हा त्यांना दुकानदार म्हणशील. बंगल्याचा कारभार पाहायला महिपतचं नाव साहेबांनी घेतलं आहे. पोरगा जवळ राहील, डोळ्यांसमोर राहील. म्हणून ते साहेबांच्या मागे मागे असतात. ओवाळायला पाच सुवासिनी चौथऱ्यावर उभ्या करायच्या, हेही त्यांनीच सुचवलं. हिरवी लुगडी आदिलाबादहून आणायची ठरली आहेत. नावं अजून ठरायची आहेत. ठरली की कळवीन.

आता मूळ गोष्ट. ज्यासाठी हे पत्र.

परवा बैठकीत ठरलं की वाजंत्री जैनथची आणायची. मी आतून ऐकलं आणि चहाचे पेले तसेच ठेवून बाहेर आले. म्हटलं, भवरधारेवर काहीही होऊ दे, पहिलं टिपरू, पहिला ठोका, उमरझरीच्या नगाऱ्यावर पडतो. पाणी वरून येतं म्हणून मान वरच्या गावाचा. आपल्या पणज्यापासून चैत्राच्या जत्रेला हे चालत आलंय. सरकार बदललं, निजाम गेला, राज्य बदललं, म्हणून का मान बदलतो? आणि तो मान यांनी मोडला तर बाबाराव आयुष्यात या घराची पायरी चढणार नाही. दाजी सगळ्यांसमोर माझ्यावर चिडले नाहीत. म्हणाले, "खरं हाय तिचं. विडा पाठवा."

तर विडा घेऊन चंपतराव सायकलवर तुझ्याकडे येतो आहे. नारळ आहे, सुपारी आहे. चंपतराव दाजींचा माणूस म्हणून त्याला दारात उभा ठेवू नकोस. विडा तुझ्या बहिणीने पाठवला आहे असं समज, कारण खरं तेच आहे. बाबा, ये रे. वर्ष झालं मी तुझं तोंड पाहिलं नाही.

तुझी वाट पाहणारी,
मथुराआक्का


कोसरधरी
२८ ऑगस्ट १९५७

माझ्या बाबास अनेक अनेक आशीर्वाद.

चंपतराव तुझी चिठ्ठी घेऊन आला तेव्हा मी पोळ्याची राहिलेली भांडी घासत होते. राखेच्या हातांनीच वाचली. तू विडा घेतलास! तू लिहितोस की राज्याची हद्द कागदावर आहे, मान कागदावर नाही, आणि उमरझरी आपला मान घ्यायला वाजतगाजत येईल. मी दाजींना वाचून दाखवली. ते एवढंच म्हणाले, "आला का साळ्याचा राग खाली?" आणि मग दुकानात जाऊन उगीचच वजनं पुसत बसले. त्यांनाही तुझी सल होती रे. बायकांसारखं त्यांना सांगता येत नाही.

आता मन मोकळं झालं आहे तर सगळंच सांगते. दोन गोष्टी तुझ्यापासून राखून ठेवल्या होत्या.

पहिली. बयनाला दिवस गेले आहेत. तिसरा महिना सरल्याशिवाय माहेरी कळवायचं नाही ही आपली रीत, म्हणून गप्प होते. तू आजोबा होणार. राहीला सांग, पण शेजारणीला सांगू नको म्हणावं. सांगेलच ती.

दुसरी गोष्ट लिहायला मला जड जातं आहे. चौथऱ्यावर ओवाळायला उभ्या राहणाऱ्या पाच सुवासिनींत पहिली बयना आहे. मागच्या पत्रात नावं ठरायची आहेत असं लिहिलं, ते खरं नव्हतं. तिचं नाव तेव्हाच ठरलं होतं. दाजींची सून, ओटी भरलेली, दिसायला नक्षत्र, तिच्यावाचून दुसरी कोण असणार? मी नको म्हणून पाहिलं. दाजींना सांगितलं, महिपतला सांगितलं. शेवटी तिलाच जवळ घेतलं, म्हटलं पोरी, तुला कोरडे उमासे येतात, तिथे तुषार, गारठा, पाय घसरला तर? तुझी लेक माझ्याकडे बघून हसली. "आत्याबाई, तुमी काऊन भिऊन राह्यल्या? फोटो निघनार हाय. पोटातल्याचाबी निघंल." आता यावर मी काय बोलू? आदिलाबादचा फोटोवाला येणार म्हणून ती रोज आरशात पदर लावून पाहते. तिला आजवर कोणी पहिल्या रांगेत उभं केलं नव्हतं. तिचा आनंद हिरावून घ्यायला माझा हात धजत नाही.

तुला कळलं असतं तर तू तिला घेऊन जायला आला असतास, म्हणून लपवलं. आता तू येतोच आहेस. तू समोर असलास की मला धीर येईल. मानाचा नगारा वाजत असताना आणि बाप काठावर उभा असताना पोरीला काय होणार आहे?

तुझ्या चिठ्ठीतल्या बाकीच्या गोष्टींचं उत्तर देते. नगारा टोकावरून उतरवायला चार माणसं लागतील लिहिलंस, तर आमच्याकडून आणखी पाठवते. उतरवताना कातडं भिजू देऊ नको, घोंगडीत गुंडाळून आण. बैलगाडी शनिवारीच संध्याकाळी इथे पोचू दे, म्हणजे रात्री कातडं चुलीजवळ शेकता येईल आणि सकाळी खणखणीत वाजेल. फकिराला नवीन धोतर दाजी देणार आहेत. हलग्या, ताशे, जे असेल ते सगळं आणा. जैनथवाले ऐकून घरी जायला हवेत.

आणि माझं एक ऐक. गावातलं कोणीही मागे ठेवू नको. म्हातारेकोतारे गाडीत बसव. इतक्या वर्षांनी आपल्या दोन गावांची पंगत एकत्र बसणार आहे, आणि मध्ये हद्द आहे हे विसरायला सगळ्यांनाच निमित्त हवं आहे. गहू दळून झाले, बुंदीचा आचारी सांगितला. घरांना कड्या लावा आणि या.

आनंदात असलेली,
मथुराआक्का

ता. क. — चौथऱ्याखाली खडकाला बारीक चीर दिसते असं महिपत म्हणत होता. साहेबांनी पाहून बुजवली आहे. उगीच मनात आणू नको.


कोसरधरी
८ सप्टेंबर, रविवार सकाळ

राहीबाईस.

खुशाली नंतर. चंपतराव सायकलीत हवा भरतो आहे तोवर लिहिते. तुला अक्षरं लावून वाचता येतात म्हणून मोठं मोठं लिहीत आहे. तोंडी निरोप दिला असता, पण चंपतराव काहीतरी वेडंवाकडं सांगेल आणि तू हसून सोडून देशील. हसू नको.

बाबा काल संध्याकाळी आला. म्हणाला, राहीचा पाय मुरगळला म्हणून ती तेवढी मागे राहिली, बाकी आख्खं गाव आलं. दाजींनी त्याला मिठी मारली. नगारा अंगणात ठेवला, बायकांनी हळदकुंकू वाहिलं, बयनाने त्याच्यावर डोकं टेकलं तेव्हा बाबाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो लहान मुलासारखा रडला. मी म्हटलं, आता मी भरून पावले.

आज सकाळी इंजिनिअर साहेब आले. पाहुणे वाटेत आहेत म्हणाले. नाल्याकडे पाहून त्यांनी विचारलं, आज पाण्याचं काय? दाजींचा हात नगाऱ्यावर होता. ते म्हणाले, "फिकर मत करो साहब. पानी आएगा तो ऊपर से नगारा बजेगा." बाबा शेजारी उभा होता, फेट्याचा शेमला ठीक करत. त्याने मान हलवली. फकिराने हलवली. माणिकराव तलाठ्याने हलवली. राही, मीही हलवली. अंगणभर माणसं होती, मध्ये नगारा होता, आणि आम्ही सगळ्यांनी होय म्हटलं. साहेब समाधानाने गेले.

मग गाडी वाजतगाजत धारेकडे गेली. हिरव्या लुगड्यांतल्या पोरी पुढे. बयनाने वळून मला हात केला. मी पंगतीचं पाहायला मागे राहिले. बुंदीच्या कढईपाशी उभी होते, ऊन पाठीवर चटके देत होतं, आणि सहज वर पाहिलं.

उमरझरीवर काळं आहे. डोंगर दिसत नाही. तुझ्याकडे पडतो आहे ना? कधीपासून?

मग माझ्या लक्षात आलं. वर टोकावर कोणी नाही. नगारा इथे आहे. मान द्यायला म्हणून आम्ही तो खाली आणवला. मीच आणवला. चैत्रात आणायचो तेव्हा नाला कोरडा असायचा, म्हणून कोणाच्या डोक्यात कधी आलंच नाही. आणि आता इथे कोणी घाबरणार नाही, कारण वरून काही ऐकू येत नाही. ऐकू येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हेच आम्हाला जन्मापासून शिकवलं आहे.

मी आत्ताच धारेकडे पळत निघते आहे. पण तिथे हजार माणसं, वाजंत्री, साहेब, शिपाई आहेत. एका बाईला पुलापर्यंत कोण जाऊ देईल, आणि आकाशात ऊन असताना कोण ऐकेल? माझ्या आधी तुझ्याकडून काही ऐकू आलं तर बाबा ओळखेल. त्याला तुझ्या दिशेचा आवाज गर्दीतही कळेल.

तुझा पाय दुखत असेल तर दुखू दे. म्हसोबाचा दगड बुडाला की नाही ते बघायला जाऊ नको, बुडाला असंच धर. टोकावर चढ. देवळातली घंटा काढून ने, तांब्याचं घंगाळ ने, कुऱ्हाड घेऊन पत्र्याचं छप्पर बडव. छपराखाली आग लाव, धूर तरी दिसेल. हे पत्र वाचून खाली ठेवलंस की लगेच निघ.

खाली पहिलं टिपरू पडलं. मला इथे नगारा ऐकू येतो आहे. फार सुंदर वाजतो आहे.

राही, आवाज कर. कशानेही कर. तुझी लेक चौथऱ्यावर आहे.

मथुरा